न्हाणीची कडी

सुकन्या अंघोळीला गेली की घरादाराला रसायनशास्त्र ऐकावं लागायचं.

"हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम..." न्हाणीच्या पत्र्याच्या दारामागून आवाज यायचा, मध्येच अंगावर तांब्या ओतल्याचा, आणि पुन्हा "बोरॉन, कार्बन". आवाज जरा थांबला की चुलीपुढून तिच्या आईची, म्हाळसाची हाक यायची.

"सुकन्ये!"

"अगं, तोंडाला साबण लावतीय!"

"साबण हातानं लावत्यात. तोंड कशाला बंद ठिवतीस? म्हण फुडं!"

हा नेम सातवीपासूनचा. त्या वर्षी एका सकाळी सुकन्याला न्हाणीत फिट आली, कडी आतून लावलेली, आणि तिच्या वडलांनी, बापूसाहेबांनी खांदा मारून दार उखडलं. दार दुसऱ्या दिवशी परत बसलं. कडी मात्र बसली नाही. ती खिळ्यांच्या डब्यात गेली आणि सुकन्याने आत असताना सारखं काहीतरी म्हणत राहायचं, असं ठरलं. आधी आरत्या झाल्या. मग पाढे झाले. दहावीत मूलद्रव्यं आली, ती तिला सगळ्यांत बरी वाटली, कारण ती पाण्याच्या तालावर म्हणता येत.

तेव्हापासून सुकन्या एकटी अशी कधी नव्हतीच. शाळेत ती वर्गात आणि म्हाळसा बाहेर कडुलिंबाखाली, पोतं अंथरून, शेंगा फोडत. विहिरीवर जायचं नाही, स्टोव्ह पेटवायचा नाही, सायकलला हात लावायचा नाही. कन्हेरी गावात कुणी विचारलं तर "अशक्त हाय पोरगी" एवढंच सांगायचं. उद्या लग्नाचं बघायचं म्हटल्यावर आकडीचं नाव कोण काढणार?

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी सुकन्याने विषय काढला. "आबा, मला अकरावी सायन्सला बारामतीला जायचंय."

बापूसाहेब बैलाला पेंड चारत होते. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. आता चार एकर ऊस होता आणि माळेगावच्या कारखान्यात सीझनची नोकरी. पण जनावरापुढे उभं राहून विचार करायची सवय जुनीच होती.

"कालिजात आयांना बसू देत न्हाईत," ते म्हणाले.

"म्हणूनच तर जायचंय," सुकन्या म्हणाली आणि मग जीभ चावली. पण बापूसाहेब हसले.

"फिट थांबू दे. डॉक्टर 'हां' म्हणलं की त्याच दिवशी कडी बी बसवतो आन् कालिजात बी घालतो. त्याआधी न्हाय."

फिट काही थांबत नव्हती. पांढरी गोळी रोज घेऊनही महिन्यातून एकदोनदा यायचीच, आणि गोळीने दिवसभर डोळ्यांवर झापड असायची ती वेगळीच. म्हणून त्या महिन्यात ते तिला बारामतीला, पुण्याहून येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई महिन्यातून एक दिवस येत. डोक्याला तारा लावून काढलेला आलेख त्यांनी उलटसुलट पाहिला. आलेख चांगला आला होता, त्यातून काही कळत नव्हतं.

"फिट येते तेव्हा नेमकं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"सगळं आंग थडथड उडतं," बापूसाहेब म्हणाले.

"कुठं उडतं? ताठ व्हती नुसती लाकडावानी," म्हाळसा म्हणाली.

"तू कवा बघतीस? तू तर डोळं झाकून खंडोबाचं नाव घीत असतीस."

"आन् तुमी रानात!"

बाईंनी सुकन्याकडे पाहिलं. "तुला काय आठवतं?"

"काहीच नाही. मी बसलेली असते. मग मी आडवी असते, आणि शेजारच्या रंगूमावशीची चप्पल माझ्या नाकाशी असते."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांना हसू आवरावं लागलं हे सुकन्याला दिसलं. त्या म्हणाल्या, "फिटचे प्रकार असतात. प्रकार कळला तर नेमकं औषध देता येतं. मला ती एकदा डोळ्यांनी बघायला हवी, आणि ती काही माझ्या वेळेला यायची नाही. तुमच्या ओळखीत कुणाकडे व्हिडिओ कॅमेरा आहे का?"

म्हाळसाने पदर सावरला. "माझा भाऊच हाय की! लग्नाच्या शूटिंगा करतो इंदापुरात."

नागेशमामाच्या दुकानाचं नाव त्याच्या लेकीवरून 'छकुली व्हिडिओ' होतं, आणि इंदापूर तालुक्यातलं एकही लग्न आपल्याशिवाय लागत नाही असं त्याचं म्हणणं होतं. लग्नाची तिथी नसलेल्या पहिल्याच दिवशी तो राजदूतवर कॅमेरा बांधून कन्हेरीला आला. अंगणात तीन पायांचा स्टँड उभा राहिला. आणि घराला लग्नघराची कळा आली.

म्हाळसाने सुकन्याला जरीच्या काठाचं परकर-पोलकं घालायला लावलं. भिंतीवरचं फाटकं कॅलेंडर काढलं. बापूसाहेबांनी फेटा बांधला. रंगूबाई दोनदा तोंड धुऊन आली आणि तिने नवीन चप्पल घातली.

"मावशी, ती चप्पल पिच्चरमधी येणार हाय," मामा म्हणाला.

"म्हणून तर नवी घातली, मुडद्या. जुन्या चपलीचा वास टीव्हीत थोडाच येतोय?"

सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून बसले. सुकन्या मधोमध. काहीच झालं नाही. मामाने पोहे खाल्ले, मग जेवला, मग म्हणाला, "सुकन्ये, जरा मनावर घे की."

"मामा, मनावर घेऊन येत असती तर मनावर घेऊन थांबवली नसती का?"

असे काही दिवस गेले. मामा मोकळा असला की यायचा, कॅमेरा विजेच्या बटणाला जोडून चालू करायचा आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली झोपायचा. हळूहळू फेटे सुटले. परकर-पोलकं ट्रंकेत गेलं. कॅमेरा हा एक मुका पाहुणा आहे अशा बेताने घर वागू लागलं, आणि उन्हाळ्याची कामं निघाली. एका दिवशी अंगणात उडदाचे पापड लाटायला बायका बसल्या. म्हाळसा पीठ कुटून लाट्या करत होती, सुकन्या लाटत होती, रंगूबाई ओल्या फडक्याखालच्या लाट्यांच्या ताटाच्या राखणीला बसली होती. कच्च्या लाट्या कुणाला आवडत नाहीत?

त्यानंतरचं सुकन्याला नेहमीप्रमाणे आठवत नव्हतं. ती लाटत होती. मग ती आडवी होती आणि नाकाशी चप्पल होती. या वेळी नवी.

"गावली!" मामा कॅमेऱ्याभोवती नाचत होता. "दाजी, गावली! सगळी गावली!"

पुढच्या फेरीला दवाखान्यात मिरवणूकच गेली. गावातल्या दत्तोबांची जीप, त्यात टीव्ही, व्हीसीआर, मामा, आणि घरची माणसं. दवाखान्यातल्या मावशींनी प्लग शोधून दिला. बाईंनी पेशंट जरा थांबवले. मामाने कॅसेट घातली.

पडद्यावर गणपती आला. त्याच्यावर फुलं पडली. सनई वाजली. मग दोन गुलाब एकमेकांकडे सरकत आले आणि त्यांच्यामध्ये सोनेरी अक्षरं उमटली: 'कु. सुकन्या हिची फिट. आपले हार्दिक स्वागत.'

"मिक्सिंग पुण्यावरनं करून आणलं," मामा नम्रपणे म्हणाला.

त्यानंतर पाठी दिसल्या. रंगूबाईची पाठ, म्हाळसाची, आणखी चारदोन बायकांच्या. सगळ्याजणी कॅमेऱ्यापुढे धावल्या होत्या. पाठींच्या मधून एक हात वर गेला, हातात चप्पल होती, आणि ती चप्पल सावकाश, अगदी सावकाश, अक्षता पडाव्यात तशी खाली आली.

"स्लो मोशन," मामा म्हणाला.

मग सुकन्या उठून बसलेली दिसली, गुलाब पुन्हा जवळ आले आणि संपलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "नागेशराव, काम सुरेख आहे. पण यात सुकन्या कुठे आहे?"

"गर्दी लई झाली," मामा ओशाळला.

"आणि याच्या आधीचं? ती पडण्याआधी काय करत होती?"

"आधी काय न्हवतंच. पापड लाटत व्हती. ते बोर व्हतं म्हणून कापलं."

"मला तेच हवंय," बाई म्हणाल्या. "मूळ कॅसेट आहे ना?"

मामाचा चेहरा उतरला.

"हाय. म्हंजी व्हती. कोऱ्या कॅसेटी संपल्या व्हत्या, म्हणून सकाळीच दीपकला दिली. दीपक, माझा पार्टनर. आज इंदापुरात लगीन हाय, त्यावर शूटिंग..."

"लग्न कधी लागतं?" सुकन्याने विचारलं.

"दुपारच्याला."

पुन्हा फिट येईल, पुन्हा कॅमेरा लावू, असं कुणी म्हणालं नाही. मामाच्या पुढच्या तिथी भरल्या होत्या, आणि अकरावीचे प्रवेश अर्ज सुटले होते. बाई म्हणाल्या, "मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथे आहे."

बापूसाहेब टीव्हीपाशी राखणीला थांबले. बाकीचे जीपमध्ये बसले, आणि दत्तोबांनी इंदापूरचा रस्ता धरला.

सुकन्या पुढे, काचेपाशी बसली. ऊस, माळ, पुन्हा ऊस. वारा तोंडावर येत होता आणि काळजीने जीव अर्धा झाला असतानाही तिला मनात कुठेतरी वाटून गेलं की असंच रोज जायला मिळालं तर! मागे म्हाळसा भावाला फैलावर घेत होती.

"लेकीचं दुखणं त्ये! त्याला गुलाब कशाला लावलं?"

"ताई, आमच्याकडं साधं पॅकेज न्हाय गं."

इंदापुरात मारुतीच्या देवळापुढून वरात सरकत होती. घोड्यावर नवरदेव, पुढे बँडवर पोरं नाचत होती, आणि त्यांच्यापुढे उलट्या पावलांनी चालत दीपक शूटिंग घेत होता. खांद्यावरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला होता.

"दीपक, कंची कॅसेट घातलीस?" मामा ओरडला.

"तुमीच दिलेली!" दीपक बँडवरून ओरडला, कॅमेरा न हलवता.

सुकन्या जीपमधून उतरली आणि नाचणाऱ्यांमधून थेट कॅमेऱ्यापर्यंत गेली. तिने तळहात काचेवर ठेवला.

बँड एकेक वाद्य करून थांबला. नवरदेवाचा चुलता पुढे आला. "कोन गं तू? पोरीनं वरात अडवली ही! काय पाहिजे?"

सुकन्या बोलू लागली आणि अडली. "ती कॅसेट... त्यात माझं..." इतकी वर्षं जे बोलायचं नाही ते इतक्या लोकांत कसं बोलायचं? त्यातले निम्मे सोयरेच निघायचे.

तेव्हा मागून म्हाळसाचा आवाज आला. शाळेच्या आवारातून घरापर्यंत हाक पोचवणारा तो आवाज होता, त्याला बँडची भीती नव्हती.

"माझ्या लेकीला फिट येती! आकडी! ती फिट त्या कॅसेटात हाय आन् डॉक्टरीण तिच्यावर औषध देणार हाय. तुमचं लगीन सुखानं लागू द्या, पर आधी माझ्या लेकीची फिट माघारी द्या!"

सुकन्याने आईकडे पाहिलं. म्हाळसाचा पदर ढळला होता आणि तिने तो सावरलाही नव्हता.

मग वऱ्हाडातली एक म्हातारी पुढे आली. ती नवरदेवाची आजी चंद्राबाई. तिने आधी दीपकला सुनावलं, "काढ की रं मग, बघतोस काय?" आणि म्हाळसाचा हात धरून हळू आवाजात विचारलं, "कंची डॉक्टरीण म्हणालीस? आमच्या धाकल्या नातवाला बी येती. आमी बी बोलत न्हाय."

घोड्यावरून नवरदेव म्हणाला, "आजी, माझी वरात..."

"थांब रं. घोडं काय पळून चाललंय व्हय?"

कॅसेट निघाली. पुढच्या चौकातल्या दुकानातून नवी कोरी आणून मामाने स्वतः घातली आणि अल्बम फुकट देण्याचं कबूल केलं. वरात पुन्हा सुरू झाली. जीप उलटी फिरली तेव्हा म्हाळसाच्या ओटीत लाडूची पुडी होती आणि चंद्राबाईला बारामतीच्या दवाखान्याचा पत्ता पाठ झाला होता.

दवाखान्यात टीव्हीवर आधी नवरदेव दिसला. घोडा, बँड, नाचणारी पोरं. मग एक तळहात आला, सगळं अंधारलं, आणि एकदम कन्हेरीचं अंगण आलं. पुसलं गेलं होतं ते पहिल्या दिवसाचं, फेटे आणि परकर-पोलक्याचं. त्याने कुणाचंच नुकसान झालं नव्हतं.

सुकन्या पुढे सरकली. आपली फिट घराने पाहिली होती, शेजारणींनी पाहिली होती, एकट्या तिनेच पाहिली नव्हती. तिच्या कल्पनेत ती काहीतरी भयंकर होती, कुणी दुसरीच बाई अंगात शिरावी तशी. पडद्यावर मात्र कोपराला पीठ लागलेली एक मुलगी होती. ती पापड लाटत होती. तिचा हात थांबला. डाव्या हाताने ती ओढणीची कड चिमटीत धरून सोडू लागली, धरून सोडू लागली. चेहऱ्यावर काहीतरी आठवू पाहणारा भाव होता. आणि ती काहीतरी चघळत होती.

टीव्हीतून म्हाळसाचा आवाज आला, "सुकन्ये, लाट्या खाऊ नगंस गं! पापड काय मग हवंचं लाटायचं?"

मुलगी चघळत राहिली. मग कलंडली, आणि पाठी धावल्या.

"मागे घ्या," बाई म्हणाल्या. मामाने मागे घेतलं. "तिच्या तोंडात लाटी होती?"

"असणारच," म्हाळसा म्हणाली. "सारखी कायतरी चघळतच असती ही. मी नेमी वरडती..." ती थांबली. पडद्यावर लाट्यांचं ताट अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होतं, ओल्या फडक्याखाली, आणि त्याच्याशेजारी रंगूबाई बसली होती. रंगूबाईच्या राखणीतून लाटी उचलणं मांजराला जमलं नसतं.

"तोंड मोकळं हाय तिचं," म्हाळसा हळूच म्हणाली.

"हो. फिट इथे सुरू होते," बाईंनी पडद्यावरच्या त्या हातावर बोट ठेवलं. "मेंदूच्या एका बाजूला, लहानशा जागेत. मग ती पसरते आणि सुकन्या पडते. तुम्ही चप्पल घेऊन पोचता तेव्हा ती संपतच आलेली असते. या प्रकाराला वेगळी गोळी लागते. आणि इथून पुढे घरात बघायचं ते हे. तोंड रिकामं आणि चघळणं चालू, की तिला खाली बसवा, कुशीवर घ्या. चप्पल नको, कांदा नको, गर्दी नको."

बापूसाहेब इतका वेळ पडद्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "मेंढरानं रवंथ सोडला की आमचा बाप दचकायचा. आन् हितं लेक रवंथ करतीया तर आमी तिला लाटीचोर म्हणतोय!"

सुकन्याला हसू फुटलं. म्हाळसा डोळे पुसता पुसता हसू लागली, मग मामा, आणि बाहेर थांबलेल्या पेशंटांना आत कोणता पिक्चर चाललाय ते कळेना.

त्या जूनमध्ये सुकन्याचा अर्ज भरला गेला. बापूसाहेबांनी बोललेल्यातलं अर्धं आधीच पाळलं. कॉलेजात घातलं, पण कडीचं "डॉक्टर म्हणतील तवा." पहिले काही महिने म्हाळसा एसटीने बरोबर जायची आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर शेंगा फोडत बसायची. नवी गोळी लागू पडत गेली. एक फिट दिवाळीआधी आली, म्हाळसाने चघळणं ओळखलं, लेकीला वेळेत चटईवर कुशीवर घेतलं, आणि रंगूबाई चप्पल हातात घेऊन दारातच उभी राहिली, बेकार झालेल्या माणसासारखी. त्यानंतर आली नाही. एकदा म्हाळसा फाटकापर्यंतच गेली आणि परत आली. मग स्टँडपर्यंत. मग घरच्या दारापर्यंत.

झापड गेल्यावर सुकन्याची मूलद्रव्यं भराभर पुढे सरकली. बारावी संपता संपता ती न्हाणीत अशी नावं घ्यायची की रंगूबाईला वाटे, पोरगी इंग्रजीत शिव्या देतेय.

बारावीच्या निकालानंतर डॉक्टरीणबाई एकदाच्या "हां" म्हणाल्या. बापूसाहेबांनी त्याच संध्याकाळी खिळ्यांचा डबा उतरवला. कडीला गंज चढला होता. त्यांनी ती रॉकेलमध्ये बुडवली, घासली आणि उजेड असेतोवर पत्र्याच्या दाराला बसवून, दोनदा लावून आणि काढून पाहिली.

सकाळी सुकन्या टॉवेल घेऊन न्हाणीत गेली. कडी लावली. तिचा तो लहानसा आवाज घरभर गेला.

तिने पहिला तांब्या ओतला आणि काही म्हणाली नाही. पाणी अंगावरून उतरून फरशीवर कसं पडतं ते तिने पहिल्यांदाच ऐकलं. बाहेर चिमण्या होत्या, बैलाच्या गळ्यातली घंटा होती. हे सगळं इतकी वर्षं रोज असणारच, पण मूलद्रव्यांखाली दबलेलं. ती साबण लावत राहिली, सावकाश, तोंड मिटून.

चुलीपुढे काथवटीत भाकरी थापल्याचा आवाज थांबला. सुकन्याने साबण खाली ठेवला. आता हाक येणार.

हाक आली नाही. जराशाने भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली, आणि त्या थापांवर म्हाळसाचा आवाज, स्वतःशीच म्हटल्यासारखा, येऊ लागला.

"हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम... बोरॉन, कार्बन..." एकेक थाप, एकेक नाव. "नायट्रोजन, आक्सिजन, फ्लोरीन, निआन..."

आवाज अडला. भाकरीही अडली.

सुकन्याने आतून सांगितलं नाही. तिने दुसरा तांब्या भरून घेतला आणि भिंतीला टेकून गप्प हसत उभी राहिली.

गोठ्यातून बापूसाहेब ओरडले, "सोडियम! सोडियम म्हण फुडं!"